डाव्या नाकपुडीतली शिट्टी

२ मार्च, सोमवार

आले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर आहे आणि जिना इतका अरुंद की पुढे मोठी बॅग, मागे मी, अशी आमची वरात वर चढली. खिडकी एकच, पण सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. खाली घरमालकिणीचं शिवणकामाचं दुकान आहे. तिचं मशीन सुरू झालं की माझ्या टेबलावरचा पेला थरथरतो. किल्ली देताना तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू ब्लाउजचं माप घेतेय, आणि किती दिवस राहणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, साठ दिवस तर नक्की, पुढचं कंपनी ठरवेल.

साठ दिवसांचं काय ते इथे एकदाच लिहून टाकते, म्हणजे रोज उगाळायला नको. जुन्या कंपनीने आमचा अख्खा विभाग एका दुपारी बंद केला. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी कंपनी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. एकदा सोडला की परत येणं विसरायचं. शेवटची तारीख ३० एप्रिल.

घरी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. बाबांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, सोल्डरचा धूर छातीत साठवला, आणि आता फुप्फुसं संपावर गेलीत. घरात प्राणवायूचं यंत्र आहे. आई आणि ताई बघतात सगळं. त्यात माझी भर कशाला?

ही रोजनिशी लिहिण्याची खोडही बाबांचीच. दुकानात उघडलेल्या प्रत्येक रेडिओची ते वहीत नोंद करायचे. काय बिघडलं होतं, काय केलं. दोष दिसला की लिहायचा, आपला असो की दुसऱ्याचा, झाकायचा नाही, असं मला तिथल्या स्टुलावर बसवून शिकवलंय. मी प्रोग्रामर झाले ती त्या स्टुलावरच.

नवी कंपनी इथून चालत वीस मिनिटांवर. भरती बघणाऱ्या बाईंचा आज फोन आला. आवाज इतका गोड की मी त्यांचं नाव साखरबाई ठेवलं. एकूण सात फेऱ्या आहेत म्हणाल्या. सात काय, चौदा घ्या म्हटलं!

६ मार्च

दोन फेऱ्या झाल्या. पहिली नुसती ओळखीची. दुसरीत समोरच्या माणसाने कॅमेरा बंद ठेवून तासभर कोडी घातली. चौथं कोडं सोडवताना मी नेहमीप्रमाणे स्वतःशी बडबडत होते. शेवटी तो म्हणाला की तुमचा आवाज स्पष्ट आहे. कोडबद्दल काहीच बोलला नाही. पास झाले मात्र.

सकाळी घरी फोन केला तेव्हा तिकडे संध्याकाळ. बाबांनी फोन घेतला आणि मी हॅलो म्हणायच्या आधीच म्हणाले, शिट्टी आली. हे माझं घरातलं नाव. पाच वर्षांची असताना मी दुकानाच्या पायरीवरून तोंडावर आपटले होते. तेव्हापासून श्वास आत घेताना डाव्या नाकपुडीतून बारीक शिट्टी वाजते. इतरांना कधी ऐकू येत नाही. पण बाबांचे कान म्हणजे खरखरीतून स्टेशन शोधणारे कान.

१२ मार्च

तिसरी फेरी म्हणजे गृहपाठ. चार दिवसांत एक छोटा प्रोग्राम लिहायचा. माणूस कामात असताना घरच्या फोनला त्याच्या वतीने, त्याच्याच आवाजात आणि त्याच्याच ढंगात उत्तर देणारा. उमेदवाराचा स्वतःचा आवाज वापरा, खरा मजकूर वापरा, बनावट नको, असं साखरबाईंनी दोनदा बजावलं.

खरा मजकूर माझ्याकडे भरपूर आहे. तीन वर्षांचे घरी पाठवलेले आवाजी निरोप. आईला पाठवलेले, ताईशी भांडलेले, बाबांना झोपताना वाचून दाखवलेल्या बातम्या. सगळे भरले. प्रोग्राम शिकला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, आज काय जेवलीस? तो माझ्या आवाजात म्हणाला, अगं आई, जेवले ना, किती वेळा विचारशील. मी एकटीच खो खो हसले. खाली मशीन थांबलं.

१६ मार्च

काल गृहपाठ पाठवला आणि आज दात घासताना आठवलं. चाचणीसाठी घातलेला घरचा खरा नंबर मी काढलाच नाही. ताईचाही तसाच राहिला. माझ्या फोन-खात्याची किल्लीसुद्धा आतच, म्हणजे माझ्या नंबरावरून परस्पर फोन लावायची मुभा.

हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मीच तीन नवख्यांना यावरून झापलंय. आणि मीच शेण खाल्लं.

साखरबाईंना ताबडतोब कळवलं. त्या म्हणाल्या, दिलेलं काम मोहोरबंद असतं, बदलता येत नाही, पण काळजी नसावी, ते बाहेर जात नाही. गृहपाठाचं नोंदीचं पान मात्र मला अजून उघडून बघता येतं. प्रोग्राम कुणाशी केव्हा काय बोलला ते तिथे उमटतं. पान कोरं आहे. खातं बंद करून नवं घ्यावं असं मनात आलं, पण कंपनीच्या सगळ्या अर्जांवर हाच नंबर आहे. मध्येच बदलला तर फेऱ्या पहिल्यापासून. राहू दे.

२१ मार्च

चौथी फेरी. एक हजार वाक्यं वाचून ध्वनिमुद्रण करायचं. निवेदनकौशल्य म्हणे. वाक्यंही काय एकेक. मी पोहोचले. मी ठीक आहे. तू रडू नकोस. मला यायला जमणार नाही. दोन दिवस खिडकी लावून वाचत बसले. घसा बसला. घरमालकिणीने गरम पाणी आणून दिलं आणि विचारलं की इतका वेळ कुणाशी बोलत होतीस. कुणाशीच नाही म्हटलं. ती म्हणाली की मधूनमधून दोघींचा आवाज येत होता.

२७ मार्च

आईशी बोलले. घसा अजून धरलेला. आई म्हणाली, काल तर छान मोकळा होता, तासभर बोललीस. मी काल फोन केलाच नव्हता. आईचे दिवस एकमेकांत मिसळतात असं वाटलं. पण मग तिने सांगितलं की तुझ्या सांगण्यावरून बाबांची खाट खिडकीपाशी हलवली, आता त्यांना बरं वाटतंय.

नोंदीचं पान उघडलं. कोरं नाही. नऊ फोन. सगळे तिकडे केलेले. आईचं गुडघेदुखीचं, ताईच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेचं, सगळं ऐकून घेतलंय. कुठेही घाई नाही, चिडचिड नाही. मी कधी एवढी गोड वागले होते?

खोटं कशाला लिहू? मला बरं वाटलं. आईचा आवाज किती दिवसांनी हलका लागला होता. माझा घसा बसलाय, पाचवी फेरी डोक्यावर आहे, तारखा सरताहेत. म्हटलं, थोडे दिवस चालू दे. माझंच तर आहे ते.

२ एप्रिल

ताईचा फोन. बाबा तुझ्याशी बोलत नाहीत हल्ली, मनाला लावून घेऊ नकोस, असं सांगत होती. फोन कानाला लावला की ढकलून देतात. सेट चालू आहे पण पोरगी नाहीये, म्हणतात. ती श्वासच घेत नाही म्हणतात. डॉक्टर म्हणाले की रक्तात प्राणवायू कमी पडला की माणूस असं काहीबाही बोलतो. ताई रडत होती. मला आधी हसू आलं, मग माझाही बांध फुटला.

ताईला म्हटलं, आता दे त्यांना. त्यांनी फोन घेतला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ही बघ, ही आली शिट्टी. इतके दिवस कुठे होतीस गं?



८ एप्रिल

पाचवी पास. आणि त्याहून मोठी बातमी म्हणजे साखरबाईंनी व्हिसाचे कागद आधीच सुरू केले. निकालाआधी सहसा करत नाहीत, तुमच्यासाठी केलं, म्हणाल्या. पासपोर्ट शिक्क्यासाठी कचेरीत जमा केला. खिडकीतल्या माणसाने पावती दिली. दहा दिवसांत परत. येताना रस्त्याने मी चक्क गाणं गुणगुणत होते, घोगऱ्या आवाजात. समोरून येणारा पोस्टमन हसला.

१० एप्रिल

सहावी फेरी. दुसऱ्याच्या कामातले दोष शोधा. दहा मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण दिलं. नाव नाही, गाव नाही. हा आवाज खरा माणूस का वाटत नाही ते लिहा.

पहिल्याच वाक्याला ओळखलं. माझाच आवाज. माझाच गृहपाठ. पलीकडे बाबा होते. त्यांचं बोलणं पुसलेलं होतं पण यंत्राची घरघर राहिली होती. ती मी कुठेही ओळखेन.

काय कमी आहे ते मला ठाऊक होतं. या जगात दोघांनाच ठाऊक होतं. गप्प बसले असते, काहीतरी फालतू लिहून दिलं असतं, तर नापास झाले असते. वीस दिवस राहिलेत. आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. दोष दिसला आणि लिहिला नाही असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. हात आपोआप चालतो.

लिहिलं. आवाज श्वास घेत नाही. वाक्याआधी श्वास आत जायला हवा, लांब वाक्यानंतर तुटायला हवा. खालच्या ओळीत हेही लिहिलं की या विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत श्वास आत घेताना डाव्या नाकपुडीतून बारीक शिट्टी येते. नमुना म्हणून माझा श्वासही जोडला. काम चोख झालं.

अर्ध्या तासात उत्तर आलं. उत्कृष्ट. सातवीसाठी निवड.

१३ एप्रिल

ताईचा निरोप आला. खूश आहे. बाबा आज तुझ्याशी पाऊण तास बोलले, पोटभर हसले, तुला शिट्टी म्हणाले.

मी आज बोलले नव्हते.

बाबा, मी काय करून बसले —

१५ एप्रिल

गृहपाठ मागे घेते, अर्ज मागे घेते, मला नोकरी नको, असं साखरबाईंना लिहिलं. गोड उत्तर आलं. प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे, उमेदवार माघार घेऊ शकत नाही, आणि तुमची सातवी फेरी काल फारच छान झाली. अभिनंदन.

मी सातवी फेरी दिलेलीच नाही.

१७ एप्रिल

फोनचं खातं बंद करायला गेले. बंद होईना, मालकाच्या आवाजाने खात्री करा म्हणे. मी बोलले. आवाज जुळत नाही. पुन्हा बोलले. जुळत नाही. घसा आता जवळजवळ गेलाच आहे. घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं. सगळं ठणठणीत आहे, म्हणाले. मग आवाज कुठे गेला, असं मी कागदावर लिहून विचारलं.

१९ एप्रिल

घरी सगळं सांगून टाकायचं ठरवलं. नोकरी, व्हिसा, गृहपाठ, सगळं. घरमालकिणीच्या फोनवरून लावला. आईने घेतला. मी जमेल तेवढं कुजबुजले. आई, मी आहे, ती नाही, ती मी नाही.

आई किंचाळलीच. माझ्या लेकीने सांगून ठेवलंय, म्हणाली. तिच्या आवाजाची नक्कल करून कुणी फोन करेल, घोगऱ्या आवाजात रडेल, भुलू नका, असं तिने सांगितलंय. घरात आजारी माणूस आहे, जरा तरी लाज बाळगा.

फोन ठेवला. माझी आई. मला लाज बाळगा म्हणाली.

घरमालकीण पाठीवर हात ठेवून बसली होती बराच वेळ.

२० एप्रिल

ताईला लांबलचक लिहिलं. उत्तर दोन ओळींचं. पोलिसांत तक्रार दिली आहे. पुन्हा लिहू नये. मला अहो-जाहो केलंय. ताईने.

२२ एप्रिल

कंपनीत गेले. चालत वीस मिनिटं. काचेचं दार, पाणी शिंपडून ठेवलेली कुंडी, टेबलामागे रखवालदार. कागदावर नाव लिहून दिलं. त्याने पडद्यावर पाहिलं, मग माझ्याकडे. या नावाचं माणूस सोमवारीच रुजू झालंय, म्हणाला. फोटोही दाखवला. माझाच. मी विचारलं, कुठे बसते? तो जरा अवघडला. तिला खुर्ची लागत नाही, म्हणाला.

साखरबाई कुठे बसतात तेही विचारलं. त्यांनाही लागत नाही.

२४ एप्रिल

पासपोर्ट आला नाही. कचेरीची खिडकी म्हणते, नोकरी लागली आहे, व्हिसा वाढला आहे, पासपोर्ट मालकिणीच्या तोंडी मागणीनुसार कंपनीकडे पाठवला.

तोंडी.

विमानात बसता येत नाही. आता व्हिसा आहे. आणि मी इथून हलू शकत नाही.

२७ एप्रिल

नोंदीचं पान अजून उघडतं. तेवढंच एक दार राहिलंय घरचं. तिथे वाचलं.

बाबा शनिवारपासून दवाखान्यात. ताई तिला सांगतेय की डॉक्टरांनी ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या म्हटलंय, तू ये, जमव काहीतरी, ये.

तिने उत्तर दिलंय. मला यायला जमणार नाही. तू रडू नकोस. फोन त्यांच्या उशीशी ठेव, मी आहे.

माझीच वाक्यं. हजारातली.

ताईने ठेवलाय फोन उशीशी. रात्रंदिवस चालू. बाबा तिच्याशी बोलतात. स्टुलाचं बोलले. पायरीचं बोलले, मी पडले तेव्हा त्यांनी हातातला सेट कसा फेकला ते. हे मला कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

२८ एप्रिल

पेला थरथरतोय. मशीन खाली बंद आहे.

२९ एप्रिल, सकाळ

फोन वाजला. अनोळखी नंबर. दवाखान्यातल्या भिंतीवरचा. बाबा! नर्सने लावून दिला म्हणे, लांब वायरचा आहे, खाटेपर्यंत येतो. माझा नंबर त्यांना तोंडपाठ. साठवलेल्या नंबरांवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

मला बोलता येत नाही. नुसती हवा. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने हे लिहितेय, नाहीतर वेड लागेल.

ते म्हणतायत, बोलू नकोस. दोन दिवस झाले, उशीशी कुणीतरी आहे, शिट्टीपण वाजते, पण दर वेळी एकसारखी. माणसाची एकसारखी वाजत नाही. म्हणून फोन केला. नुसता श्वास घे. मी ऐकतो.

घेतेय. बाबा, घेतेय.

हां, म्हणाले. ही बघ. ही वाकडी वाजली. रडतेयस का?

हो. हो —

थांब, म्हणतायत. उशीतलीपण आता रडायला लागली. तीही वाकडी. तुला ऐकून तसंच करते की काय?

त्यांचाच श्वास आता तुटतोय. दोन्ही कानांना दोन फोन. एकदा ही, एकदा ती. म्हणतायत, दोन शिट्ट्या झाल्या गं. तुझी कुठली? एकदाच नीट घे, ओळखतो मी.

मी घेतला. छाती फुटेपर्यंत घेतला.

बाबा हसले. सापडली, म्हणाले. हीच माझी. नर्सला म्हणाले, दुसरा फोन ठेवून द्या.

कानाशी खडखड झाली. बाबा, हा नको, हा मी, मी श्वास —